बॉम जीझसचा लाल रंग खरा किती? वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांचे प्रश्न

जुन्या गोव्याची बॉम जीझस बॅसिलिका हे सेंट फ्रान्सिस झेवियरच्या दर्शनाचं तीर्थस्थान. भाविकांच्या रांगेत वह्या-पेन्सिली घेतलेले वास्तुकलेचे विद्यार्थीही असतात. त्यांनी पाठवलेल्या प्रश्नांपैकी काही प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे देत आहोत.

प्रश्न: अभ्यास-सहलीच्या अहवालात मी लिहिलं, "उघड्या जांभ्यामुळे ही वास्तू गोव्याच्या मातीतून उगवल्यासारखी वाटते. बांधणाऱ्यांनी इथल्या दगडाचा मान राखला." परीक्षकांनी "चूक" एवढाच शेरा मारला. यात काय चुकलं? (तिसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी, कोल्हापूर)

उत्तर: तुम्हाला दिसलं ते बरोबर दिसलं, त्याचा लावलेला अर्थ मात्र चुकला. ही इमारत उघड्या दगडात राहावी म्हणून बांधलेलीच नव्हती. २४ नोव्हेंबर १५९४ ला पायाभरणी झाली, १५ मे १६०५ ला चर्च अर्पण झालं, आणि तेव्हापासून सुमारे साडेतीनशे वर्षं तिच्या अंगावर चुन्याचा गिलावा होता. एकोणिसाव्या शतकातली छायाचित्रं काढून बघा, भिंती पांढऱ्या आहेत. गिलावा उतरवला तो १९५०च्या दशकात, पोर्तुगीज राजवटीने बाल्ताझार कास्त्रो या वास्तुतज्ज्ञाच्या देखरेखीखाली केलेल्या दुरुस्तीत. दगड उघडा केला की इमारत जुनी आणि भारदस्त दिसते, अशी त्या काळच्या जीर्णोद्धाराची एक समजूत होती. तुम्हाला भावलेला लाल रंग सोळाव्या शतकाचा नाही, विसाव्या शतकाचा आहे.

आता जांभ्याकडे या. कोकणात वाढलेल्या कुणालाही चिरा माहीत असतो. खाणीतून काढताना तो इतका मऊ असतो की धारदार हत्याराने तासता येतो, आणि हवा लागली की कडक होतो. त्याच्या अंगात लोह आणि ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडांची जाळी असते, आणि त्या जाळीच्या भोकांत पिवळसर-पांढरी माती भरलेली असते. पुढच्या वेळी जाल तेव्हा एकच चिरा निवडा आणि अर्ध्या फुटावरून बघा. कॉर्निसच्या (भिंतीतून पुढे आलेल्या आडव्या पट्टीच्या) आडोशाला असलेल्या चिऱ्याच्या भोकांत माती अजून शाबूत दिसेल. पावसाचा मार थेट बसतो तिथल्या चिऱ्यात ती वाहून गेलेली असते, करंगळीएवढी पोकळ भोकं उरतात, आणि मधल्या पातळ भिंती तुटून दोन भोकांचं एक झालेलं असतं. दगड झिजतो तो असा, आतून पोकळ होत.

त्यात दर्शनी भिंत पश्चिमेकडे तोंड करून उभी आहे. गोव्यात वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो, बहुतेक सगळा जून ते सप्टेंबरात, आणि नैर्ऋत्येच्या वाऱ्याबरोबर तो याच भिंतीवर आपटतो. चुन्याचा गिलावा हा या भिंतीचा रेनकोट होता. पाणी अडवायचा, आणि आत शिरलेलं पाणी वाफ होऊन बाहेर जाऊ द्यायचा. दर एक-दोन वर्षांनी, पाऊस सरला की, त्यावर सफेदीचा हात फिरवायचा. झिजायचा तो चुना. दगड सुरक्षित राहायचा.

गिलावा परत करावा की नाही, हा वाद गेली काही वर्षं जाहीरपणे चालू आहे. दोन-तीन पिढ्यांनी बॉम जीझस लालच पाहिली आहे आणि तीच तिची ओळख झाली आहे, असं एक बाजू म्हणते. १९६४ ची व्हेनिस सनद वास्तूवरच्या सर्व कालखंडांच्या योगदानाचा आदर करायला सांगते, हाही मुद्दा पुढे येतो. पण योगदान म्हणजे काही तरी भर घातलेली असते. इथे भर घातली नाही, कवच काढून घेतलं. आमचं मत स्पष्ट आहे: गिलावा परत यावा, आणि तो चुन्याचाच असावा.

त्याचा क्रमही महत्त्वाचा. आधी छप्पर, पन्हळी आणि कॉर्निसवरच्या भेगा दुरुस्त करायच्या, कारण वरून पाणी येत असेल तर खालचा कोणताही लेप टिकत नाही. मग दर्जांमधला, म्हणजे चिऱ्यांमधल्या सांध्यांतला, सैल माल खरवडून चुन्याने दर्जा भरायच्या. मग एका बाजूला, फारशा नजरेत न येणाऱ्या जागी, नमुन्याचा पट्टा करून त्याला एक पूर्ण पावसाळा दाखवायचा. चुना विरवून काही आठवडे पाण्याखाली मुरवलेला हवा, वाळू धुतलेली हवी, प्रमाण साधारण १ भाग चुना आणि ३ भाग वाळू. काम नोव्हेंबर ते फेब्रुवारीत, आणि प्रत्येक थर ओल्या गोणपाटाच्या आडोशाला सावकाश सुकू द्यायचा. घाईने सुकला की केसासारखे तडे जातात आणि पहिल्याच पावसात त्यांतून पाणी आत जातं.

सिमेंट नको, ते का हे अहवालात जरूर लिहा. सिमेंट जांभ्यापेक्षा कडक आणि कोंदट. भेगेतून शिरलेलं पाणी त्याच्यामागे अडकतं, चिरा मऊ पडतो, क्षार पृष्ठभागामागे साठतात, आणि शेवटी पोपडा सुटतो तो दगडाची कातडी घेऊनच. कोकणातल्या कितीतरी जुन्या घरांच्या जोत्यांवर हा प्रकार बघायला मिळतो.

तुमचं वाक्य दुरुस्त करायचं तर असं करता येईल: "आज दिसणारा उघडा जांभा १९५०च्या दशकातल्या हस्तक्षेपाचा परिणाम आहे, मूळ वास्तू पांढऱ्या गिलाव्यात होती." मग खाली तुम्हाला काय वाटलं ते खुशाल लिहा. रस्त्यापलीकडचं से कॅथेड्रल पांढरं आहे. दोन्हीकडे एकाच दुपारी जाऊन या, तुलना आपोआप होईल.

प्रश्न: दर्शनी भागात लाल दगडाबरोबर करडा दगडही दिसतो. तो कुठला? दोन दगड का वापरले? (पदविकेचा विद्यार्थी, वसई)

उत्तर: तो तुमच्याच गावचा आहे. अर्धस्तंभ, त्यांच्या बैठका आणि माथे, दारा-खिडक्यांच्या चौकटी हे कोरीव काम वसईहून समुद्रमार्गे आणलेल्या दगडात आहे. वसई तेव्हा पोर्तुगीजांकडेच होती. जांभ्यात बारीक नक्षी धरत नाही. छिन्नी भोकापाशी आली की कड तुटते. वसईचा दगड घट्ट, त्यात पानाची शीर न् शीर काढता येते. म्हणून जाडजूड भिंत जवळच्या चिऱ्यात, आणि जिथे धार हवी तिथे लांबून आणलेला दगड, अशी कामाची वाटणी झाली.

एक प्रयोग करून बघा. दर्शनी भागाचं एकच रेखाचित्र दोनदा छापा. दोन्हींत अर्धस्तंभ आणि पट्टे करड्या रंगात भरा. मग एकाच्या भिंती पांढऱ्या ठेवा, दुसऱ्याच्या विटकरी रंगवा. पांढऱ्या चित्रात उभ्या-आडव्या रेषांचा सांगाडा लगेच उठून येतो: खाली तीन दारं, त्यावर आयताकृती खिडक्या, त्यावर गोल खिडक्या, आणि सगळ्यात वर मधोमध आय-एच-एस ही अक्षरं कोरलेला फलक. येशूच्या ग्रीक नावाची ही पहिली तीन अक्षरं, आणि येशूसंघाचं, म्हणजे हे चर्च बांधणाऱ्या जेझुइट धर्मगुरूंच्या संघाचं, बोधचिन्ह. विटकरी चित्रात हा सांगाडा भिंतीत विरतो. डोरिक, आयोनिक, कोरिंथियन, कम्पोझिट असा युरोपीय स्तंभरचनेच्या चारही पद्धतींचा मेळ इथे आहे, पण तो वाचण्यासाठी मागची भिंत शांत असावी लागते.

नुकसान कुठे शोधायचं तेही सांगतो. घट्ट दगड पाणी पीत नाही, ते कडेवरून खाली सोडतो. जांभा ते पितो. म्हणून प्रत्येक पुढे आलेल्या पट्टीच्या लगेच खालचा चिरा आणि अर्धस्तंभाला लागून असलेली दर्ज आधी तपासा. शेवाळाचे काळे ओघळ बहुधा तिथूनच सुरू होतात.

प्रश्न: मोजमापाचं ड्रॉइंग करायचं आहे. हातात एकच दिवस आहे, चौघे जण आहोत. सुरुवात कशी करावी? (दुसऱ्या वर्षाचा गट, पुणे)

उत्तर: आधी परवानगी. ही वास्तू भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आहे आणि १९८६ पासून जागतिक वारसा यादीत आहे. महाविद्यालयाचं पत्र काही आठवडे आधी पाठवा, ट्रायपॉड लागणार असेल तर त्यात तसं लिहा. ड्रोन विसरा. भिंतीला टेप चिकटवणं, खडूने खूण करणं, शिडी टेकवणं यातलं काहीही करायचं नाही.

सोबत ३० मीटरचा टेप, ५ मीटरचे दोन स्टील टेप, लेझर मीटर, ओळंबा, पाण्याची पारदर्शक नळी, आलेखाचे कागद आणि दोन रंगांची पेनं घ्या. मापं एका रंगात, रेषा दुसऱ्या रंगात. संध्याकाळी कागदावर ३ आहे की ८ यावरून भांडणं होतात, ती याने वाचतात.

पुरातत्त्व खात्याच्या नोंदींतली मापं अशी: चर्चची लांबी १८३ फूट, रुंदी ५५ फूट, उंची ६१ फूट, दर्शनी भाग ७५ फूट रुंद आणि ७८ फूट उंच. म्हणजे दर्शनी भाग जवळजवळ चौरस आहे. ही मापं पडताळण्यासाठी वापरा, उतरवून घेण्यासाठी नको. पुस्तकी आकडा भिंतीच्या आतल्या बाजूचा की बाहेरचा, हे ठरवल्याशिवाय ड्रॉइंगमध्ये टाकला की भिंतीची जाडी हवेत जाते. कागदही आत्ताच ठरवा. १८३ फूट म्हणजे सुमारे ५५.८ मीटर, १:१०० ला ५५.८ सेंटिमीटर होतात, ए-टूच्या कागदावर समासाला जागा उरत नाही. ए-वन घ्या, नाहीतर १:२०० ला ए-थ्री.

सकाळी दर्शनी भाग सावलीत असतो. लेझरचा लाल ठिपका तेव्हाच दिसतो, म्हणून बाहेरचं मोजमाप सकाळी उरकून घ्या. मापं नेहमी सलग घ्या. डावा कोपरा शून्य धरून टेप एकदाच पसरायचा आणि प्रत्येक कडेचा आकडा त्या शून्यापासून वाचायचा. दार वेगळं, भिंत वेगळी, अर्धस्तंभ वेगळा असं तुकड्यांनी मोजलं तर दर तुकड्याला अर्धा सेंटिमीटर चूक धरा, वीस तुकड्यांत १० सेंटिमीटरपर्यंत जाते आणि मधलं दार मध्यावर येत नाही. मग सगळे दगडाला दोष देतात.

उंचीसाठी दोन वाटा आहेत, आणि दोन्ही वापरा. पहिली: हाताला येणाऱ्या उंचीत चिऱ्यांचे १० थर दर्जांसकट मोजा, सरासरी काढा, मग समोरून काढलेल्या फोटोत वरपर्यंतचे थर मोजा. गिलावा नाही म्हणूनच ही सोय आहे. वरचे थर कमी-जास्त जाडीचे असू शकतात, म्हणून दुसरी वाट: भिंतीपासून मोजून ३० मीटरवर उभं राहा, कोनमापकाने माथ्याचा कोन घ्या, ३० ला त्या कोनाच्या टॅनने गुणा आणि डोळ्याची उंची मिळवा. ७८ फुटांना कोन साधारण साडेछत्तीस अंश यायला हवा. इथे एका अंशाची चूक म्हणजे सुमारे ८० सेंटिमीटरची चूक, म्हणून तिघांनी वेगवेगळा कोन घ्यावा आणि सरासरी धरावी. जमीन सपाट नसेल, पाण्याच्या नळीने भिंतीच्या पायथ्याची आणि उभं राहिलेल्या जागेची पातळी जुळवून घ्या.

आतलं मोजमाप प्रार्थनेच्या वेळा सोडून. आतल्या आयताचे दोन्ही कर्ण मोजायला विसरू नका. कर्ण जुळले नाहीत तर कोपरा गुण्यात (काटकोनात) नाही, आणि हे घरी आल्यावर कळलं तर काही उपाय नसतो.

उजेडाचं एक: डिसेंबरात इथे सूर्य माध्यान्हाला साधारण साडेबाराच्या सुमारास येतो आणि तेव्हा तो दक्षिणेला, क्षितिजापासून सुमारे ५१ अंशांवर असतो. साडेबारानंतर तासभर त्याचे किरण पश्चिमेच्या भिंतीला घासून जातात. कोरीव कामाच्या बारीक फोटोंसाठी हीच वेळ. चार वाजता ऊन समोरून येतं, भिंत सुंदर तांबूस दिसते, पण उठाव सपाट होतो. चौघांपैकी एकाने जेवण पुढे ढकलावं.

प्रश्न: आत शिरल्यावर पहिल्यांदा दबल्यासारखं वाटलं, मग एकदम मोकळं. हे मुद्दाम केलं असेल का? (विद्यार्थिनी, बेळगाव)

उत्तर: दबल्यासारखं वाटलं कारण तुम्ही गायकवृंदाच्या सज्जाखाली होतात. तो दोन खांबांवर तोललेला आहे. बहुतेक जण पुढची सोनेरी वेदी बघत त्या खांबांना ओलांडून जातात. परत जाल तेव्हा थांबा: पायाभरणीची आणि अर्पणाची तारीख त्यांवरच्या लेखांत कोरलेली आहे.

पुढे मोकळं वाटलं कारण मधे खांबांच्या रांगाच नाहीत. एकच रुंद दालन, बाजूच्या ओळी नाहीत. १५४५ ते १५६३ च्या ट्रेंटच्या धर्मपरिषदेनंतर प्रवचनाला महत्त्व आलं आणि येशूसंघाने असा आराखडा उचलून धरला, जिथून प्रत्येकाला वेदी दिसेल आणि बोललेलं ऐकू येईल. पुल्पिट (प्रवचनाचा उंच ओटा) बघा, ते वेदीजवळ नाही, दक्षिणेच्या भिंतीवर दालनाच्या लांबीत आहे. बोलणारा लोकांच्या मध्ये. त्याच्या समोर उत्तरेच्या भिंतीवर जेरोनिमो मास्कारेन्यस या कोचीच्या कप्तानाचं स्मारक आहे, ज्याच्या देणगीतून हे चर्च उभं राहिलं.

वेदीमागच्या सोनेरी पडदीवर खाली बाळ येशू, वर येशूसंघाचे संस्थापक इग्नेशियस लोयोला यांची मोठी मूर्ती, आणि त्यांची नजर वर तेजोवलयातल्या आय-एच-एस अक्षरांकडे. तीच अक्षरं तुम्ही बाहेर दगडात वाचून आत आलेल्या असता. बाहेरच्या फलकापासून वेदीपर्यंत ही एकच सरळ रेघ आहे. लांबीच्या छेदात (इमारत उभी कापल्यासारखी दाखवणाऱ्या ड्रॉइंगमध्ये) ती काढून दाखवा, तुमच्या "दबलं-मोकळं झालं" या अनुभवाला त्यात आधार मिळेल. संध्याकाळकडे पश्चिमेच्या खिडक्यांतला उजेड बसलेल्या माणसांच्या पाठीमागून वेदीच्या सोन्यावर जातो, तेही छेदात बाणाने दाखवता येईल.

प्रश्न: रोमच्या जेसू चर्चची ही नक्कल आहे का?

उत्तर: नाही. एकसंध दालनाची कल्पना दोन्हीकडे आहे. जेसू १५८४ ला अर्पण झालं, म्हणजे बॉम जीझसच्या पायाभरणीच्या आधी दहा वर्षं. पण जेसूला घुमट आहे, दगडी कमानछत आहे, बाजूला उपमंदिरं आहेत. इथे घुमट नाही आणि दालनावर लाकडी छत आहे. जेसूचा दर्शनी भाग दोन मजली, इथला चार टप्प्यांचा. घंटांचा मनोराही इथे समोर न येता मागे गेला आहे.

प्रश्न: झेवियरची समाधी खालून नीट दिसत नाही. स्केच कसं करावं? आणि ती इटालियन की गोव्याची? (चौथ्या वर्षाचा विद्यार्थी, सावंतवाडी)

उत्तर: दोन्ही. सगळ्यात वर आहे ती चांदीची पेटी गोव्याच्या कारागिरांनी १६३६-३७ मध्ये घडवली. तिच्यावर संताच्या आयुष्यातल्या प्रसंगांचे ३२ फलक आहेत. खालचा संगमरवरी चौथरा त्यानंतर साठ वर्षांनी आला. टस्कनीचा ग्रँड ड्यूक तिसरा कोसिमो याने तो भेट दिला, फ्लॉरेन्सचा शिल्पकार जोव्हान्नी बात्तिस्ता फोज्जिनी याने केला, आणि सुटे भाग जहाजाने आणून १६९८ मध्ये इथे जुळवले. चौथऱ्याच्या चार बाजूंना ब्राँझचे चार फलक आहेत. सगळं एकाच हाताचं समजून एकाच शैलीत रेखाटलं की गडबड होते. पेटीवरची दाट, भरगच्च चांदी आणि खालचे मोठे, गुळगुळीत रंगीत दगड हा फरक रेषेतही दिसला पाहिजे.

समोर उभं राहून मान वर केली तर पेटीचा तळच दिसतो. शक्य तितकं मागे, दालनाच्या पलीकडच्या भिंतीकडे या आणि तिरकं बघा. आधी फक्त बाह्यरेषा आणि आडवे टप्पे, मग प्रत्येक टप्प्यातली एकच बाब नीट. रांग चालत असते, गुडघे टेकलेल्या माणसाच्या आणि समाधीच्या मध्ये वही घेऊन उभं राहू नका. सावंतवाडी, खानापूर, बेळगाव भागातून माणसं इथे पायी येतात. त्यांच्यासाठी तो क्षण सगळ्या वाटेचा असतो.

प्रश्न: ख्रिस्ती नसलेल्यांनी फेस्ताच्या वेळी जावं का?

उत्तर: जरूर जावं, मोजमाप करायला मात्र नको. ३ डिसेंबर हा गोंयच्या सायबाच्या, म्हणजे झेवियरच्या, फेस्ताचा दिवस, त्याआधी २४ नोव्हेंबरपासून नऊ दिवस नोव्हेना, म्हणजे रोजची प्रार्थना. गर्दीमुळे मिस्सा बाहेर मांडवात होते, आणि हेच बघण्यासारखं आहे: आतलं दालन पुरेनासं झालं की तीर्थस्थान बाहेरच्या मोकळ्या जागेत कसं पसरतं. येण्याचा मार्ग, जाण्याचा मार्ग, मेणबत्त्यांची जागा, पाण्याची सोय, सावली कुठे आहे, हे नकाशावर मांडा. खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत. दहा वर्षांनी एकदा झेवियरचं शव दर्शनासाठी से कॅथेड्रलमध्ये नेतात. मागचं दर्शन २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ होतं.

प्रश्न: बॉम जीझस झाल्यावर एक तास उरला तर काय बघावं?

उत्तर: मोन्ते सांतो टेकडीवरचा सेंट ऑगस्टीनचा पडका मनोरा, चालत जाण्याच्या अंतरावर. १६०२ मधली ही इमारत सोडून दिल्यावर तिचं कमानछत १८४२ मध्ये कोसळलं. उरलेला मनोरा सुमारे ४६ मीटर उंच, पूर्ण जांभ्याचा. बॉम जीझसमध्ये भिंतीचं फक्त तोंड दिसतं, इथे तिचा छेद उघडा पडला आहे: भिंत किती जाड आहे, चिरे आत कसे गुंतवले आहेत, कमानीचा जोर कुठे जात होता. तुटलेल्या कडेचं १:२० चं एक स्केच करा आणि बॉम जीझसच्या छेदात भिंत भरताना तेच समोर ठेवा. ढिगाऱ्यावर चढू नका, दगड सुटे आहेत.